पाऊण मीटरची परवानगी

‘रीतसर’ हा शब्द कानावर पडला की मला हल्ली शिसारी येते. एरवी चांगला शब्द आहे. माझे वडील वापरायचे, शाळेतले सर वापरायचे. पण शेजारच्या जयंतरावांनी तो गेल्या वर्षभरात इतका चघळलाय की मला आता त्याला त्यांच्या थुंकीचा वास येतो.

हे सगळं गिडियनकाकांबद्दल आहे. गिडियन झिराडकर, माझे घरमालक. माझगावात वाढलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू. तरुणपणी लंडनला आले, विमानतळावर कार्गोत चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. घर लंडनच्या पश्चिम टोकाला, विमानं उतरतात त्या वाटेखाली. मी बेसिंगस्टोकला एका कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, त्यांच्या वरच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते.

काकांनी आयुष्यात कधी पिवळ्या रेषेवर गाडी लावलेली नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी ओस असला तरी सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसेपर्यंत ते पावसात उभे राहतात. बसमधून उतरताना इथे सगळेच ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. काका खाली उतरूनही बस हलेपर्यंत हात वर धरून असतात. मला सुरुवातीला याचं फार कौतुक वाटायचं.

अदीनाकाकूंना तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, तोंड एका बाजूला ओघळलं. जिभेला मात्र उलट धार आली. त्या व्हीलचेअरवर असतात. पुढच्या दाराला रॅम्प आहे, त्यावरून हॉस्पिटलला जाता येतं. पण पुढच्या दारासमोरच बसस्टॉप आहे आणि जेवताना काकूंच्या ओठाच्या कोपऱ्यातून कालवण गळतं. “बसची वाट बघणाऱ्यांना तेवढाच टाइमपास,” त्या म्हणतात, आणि पुढे कधी बसत नाहीत. मागे बाग आहे, झाडं आहेत, कुंपण आहे, कोणी बघणारं नाही. फक्त स्वयंपाकघराचं मागचं दार जमिनीपासून पाऊण मीटर उंच आहे. तिथे रॅम्प करायचा तर नियमाच्या चढणीने तो नऊ मीटर लांब होतो, म्हणजे बाग संपते आणि नुसता रॅम्प उरतो. चौघांनी खुर्ची उचलून खाली न्यावी, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

“चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं, पोरी,” काकू म्हणाल्या. “त्याला वेळ आहे.”

एरवी हे चालून गेलं असतं. पण सुक्कोथ येतो. योम किप्पूरचा उपास झाला की पाचव्या दिवशी हा सण. अंगणात मांडव घालायचा, त्यावर कापलेल्या फांद्यांचं छप्पर, फांद्यांमधून आकाश दिसायला हवं. आणि त्या दिवसांत जेवायचं ते त्या मांडवातच. काका दरवर्षी बागेत मांडव घालतात, सफरचंदं आणि मक्याची कणसं टांगतात, ओळखीची माणसं बोलावतात. गेली दोन वर्षं सगळे खाली मांडवात जेवले आणि काकू वर दारात, चाकं उंबऱ्याला टेकवून, ताट मांडीवर घेऊन. गेल्या वर्षी काकांनी खालून विचारलं, “अदीना, रस्सा कसा झालाय?” त्या म्हणाल्या, “रस्सा चांगला आहे. थिएटरात बाल्कनीत बसल्यासारखं वाटतंय. पिक्चर तुमचा.”

त्या रात्री भांडी पुसताना काका मला म्हणाले, “पुढच्या सुक्कोथला ती मांडवात बसेल. काय करावं लागेल ते सांग.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत उभं राहून पाहिलं. सोपं होतं. दाराच्या पातळीला लाकडी डेक बांधायचा, खुर्ची स्वयंपाकघरातून सरळ त्यावर जाईल आणि मांडव बागेत न घालता डेकवरच घालायचा. एकच अडचण. तीस सेंटिमीटरपेक्षा उंच डेकला इथे प्लॅनिंगची परवानगी लागते. मी म्हटलं, “काका, आजूबाजूला बघा. अर्ध्या लंडनने न विचारता बांधलेत.” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दुकानातून चॉकलेट खिशात घालायला सांगितलं होतं.

आणि नेमके तेव्हा कुंपणावर जयंतराव उगवले.

जयंतरावही आपलेच. पुण्याचे, इथे सगळं आयुष्य गेलेलं, मराठी मंडळाचे माजी सेक्रेटरी, सगळ्या नगरसेवकांशी पहिल्या नावाने बोलणारे. दर सुक्कोथला ते बर्फीचा डबा घेऊन मांडवात हजर. जेवणात मटण असतं आणि मटणावर दुधाचं काही खायचं नाही, हे त्यांना काकूंनी दरवर्षी सांगितलंय. ते दरवर्षी “अरे हो, विसरलोच की” म्हणतात, बर्फी फ्रिजमध्ये जाते आणि जयंतराव मटणाकडे वळतात.

“बांधा की गिडियनभाऊ,” ते कुंपणावर हनुवटी टेकवून म्हणाले. “वहिनींसाठी करायलाच पाहिजे. फक्त रीतसर करा. परवानगी घेऊन. मग कोणाचं काही म्हणणं राहत नाही.”

“तेच मी हिला सांगतोय,” काका म्हणाले. किती खूश झाले होते.

नकाशे मी काढले. उन्हाळ्याच्या तोंडाला अर्ज गेला. कौन्सिलकडून एक तरुण बाई येऊन बघून गेली. समजूतदार होती, काकूंना भेटली, मोजमापं घेतली. म्हणाली, शेजारच्या घरात डोकावल्यासारखं होऊ नये म्हणून त्या बाजूला एक आडोसा दाखवा, मग मला काही अडचण दिसत नाही. मी आडोसा दाखवला. काकांनी लाकूड मागवून बाजूच्या बोळात ताडपत्रीखाली रचून ठेवलं, कारण त्यांच्या मते आता प्रश्न फक्त सहीचा होता.

मग जयंतरावांची हरकत आली. लपूनछपून नाही, स्वतःच्या नावाने, कोणालाही वाचता येईल अशी. डेकवरून त्यांचं ब्रेकफास्टचं टेबल दिसेल, प्रायव्हसी जाईल. आणि आडोसा बांधला तर त्यांच्या कोथिंबिरीवर सावली पडेल. म्हणजे आडोसा नको कारण सावली, आणि आडोशाशिवाय नको कारण नजर. शिवाय त्यांनी ओळखीच्या नगरसेवकाला सांगून अर्ज त्या समजूतदार बाईच्या हातातून काढायला लावला आणि कमिटीपुढे नेला.

मी त्यांना त्यांच्या ड्राइव्हवेवर गाठलं. ते गाडी पुसत होते.

“तुम्ही ऑब्जेक्शन घातलंत?”

“ऑब्जेक्शन काय गं! ऑब्झर्व्हेशन्स. इट्स नथिंग पर्सनल. उद्या आम्ही घर विकायला काढलं तर बायर विचारणार ना, शेजारी हे काय आहे म्हणून.”

“विकताय?”

“छे! पण समजा.”

“अदीनाकाकूंना बाहेर बसून जेवायचंय. दोन वर्षं झाली.”

“मग जेवू देत की! हू इज स्टॉपिंग हर? माझा पूर्ण सपोर्ट आहे. म्हणून तर म्हटलं, रीतसर होऊ दे.” आणि त्यांनी फडका झटकला. त्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले. मी घरात येऊन तोंड दोनदा धुतलं.

काका मात्र शांत. “त्याचा हक्क आहे,” म्हणाले. “विचारलं, तर तो सांगणारच.” त्या शांतपणाचाही मला राग यायला लागला होता. काकू म्हणाल्या, “विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की आतल्या बायकांच्या टिकल्या दिसतात. त्यांना विचारतं का कोणी प्रायव्हसीचं?”

कमिटीची तारीख लागली ती रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, आणि योम किप्पूर यांच्या मधल्या दिवसांत. या सणांच्या सुमारास काकांचा एक नेम आहे. देवाकडे माफी मागण्याआधी माणसांकडे मागायची. वर्षभरात ज्यांच्याशी संबंध आला त्यांच्या दारात जायचं, हलवा द्यायचा आणि म्हणायचं, आमच्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा. काय चुकलं हे काढायचं नाही, तुमचं काय चुकलं हेही काढायचं नाही. आधी समोरचे बिचकतात. कोपऱ्यावरची पोलिश बाई पहिल्या वर्षी घाबरली होती म्हणे, की यांनी तिची गाडी ठोकली की काय. आता ती हलव्याची वाट बघते.

रविवारी ताटल्या धरायला मी बरोबर होते. जयंतरावांचं दार आलं तेव्हा मी म्हटलं, “हे यंदा सोडू या.”

“यालाच तर जायचं असतं,” काका म्हणाले आणि त्यांनी बेल वाजवली.

जयंतरावांनी दार उघडलं. काकांनी हात जोडले. “जयंतराव, वर्षभरात आमच्यामुळे तुम्हाला काही त्रास झाला असेल तर माफ करा.”

“अहो, काय हे गिडियनभाऊ!” त्यांनी काकांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले, मग ते सोडून हलव्याचा तुकडा उचलला. नारळाच्या दुधातला तो मऊ हलवा त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, बोटं चाटली, आणि चाटता चाटता विचारलं, “पण कशाबद्दल म्हणताय? म्हणजे ते गेल्या वर्षीचे पाहुणे, गाणी, ते?”

“सगळ्याबद्दल,” काका म्हणाले.

“सगळ्याबद्दल,” जयंतरावांनी मान डोलावली. “मोठं मन आहे तुमचं.”

त्यांनी ‘कशाबद्दल’ असं का विचारलं ते मला चार दिवसांनी कळलं.

कमिटी टाउन हॉलमध्ये भरली होती. मळकट गालिचा, पाण्याचे जग, गोल टेबलाभोवती नगरसेवक, त्यातला एक जांभई देताना तोंडावर हातही न धरणारा. आमच्याआधी एका चिकन शॉपच्या धुराड्याचा विषय होता आणि तो इतका रंगला की आमचा येईपर्यंत सगळे भुकेले झाले होते. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. काका सूट घालून आले होते. पहिलं मिनिट त्यांनी अध्यक्षांचे, सदस्यांचे, त्या तरुण बाईचे आणि सभागृहाचे आभार मानण्यात घालवलं. दुसऱ्यात ते लाकडाच्या जातीबद्दल बोलले. काकूंचं नाव आलं आणि लाल दिवा लागला.

मग जयंतराव उठले. त्यांचं इंग्रजी उत्तम आहे. मिस्टर झिराडकर माझे अनेक वर्षांचे मित्र आहेत, म्हणाले. मी त्यांच्या सणांना जातो. अत्यंत सज्जन गृहस्थ. पण अध्यक्ष महाराज, त्या बागेत मोठी गर्दी जमते, गाणी होतात, आणि आता ते सगळं माझ्या कुंपणाच्या वर येणार. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. गेल्याच रविवारी मिस्टर झिराडकर स्वतः माझ्या दारात आले आणि मला झालेल्या त्रासाबद्दल त्यांनी हात जोडून माफी मागितली. कोणत्या त्रासाबद्दल, असं मी विचारलं. ते म्हणाले, सगळ्या.

जांभई देणारा नगरसेवक जागा झाला. “म्हणजे तक्रारींचा इतिहास आहे?”

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. “अर्जदारांनी फक्त हो किंवा नाही सांगावं. तुम्ही अशी माफी मागितली होती का?”

मी काकांची बाही ओढली. सांगा ना, हा आमचा रिवाज आहे, मी पोलिश बाईकडेही मागितली, पोस्टमनकडेही मागितली. पण त्यांना हो किंवा नाही विचारलं होतं.

“यस, सर,” काका म्हणाले.

निकाल लागला तो असा की निकाल नाही. जागेची पाहणी करायची, अर्जदाराने ‘गर्दी आणि आवाज यांचं व्यवस्थापन कसं करणार’ याचा आराखडा द्यायचा, विषय नोव्हेंबरमध्ये. सुक्कोथ दहा दिवसांवर होता. नाही म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. हे म्हणजे ताटातलं उचलून घ्यायचं आणि वर म्हणायचं, अजून वाढायचंय.

बाहेर पाऊस होता. जयंतराव छत्री घेऊन पोर्चमध्ये उभे. “चला गिडियनभाऊ, सोडतो. भिजू नका.” आणि माझ्याकडे वळून, “मनाला लावून घेऊ नको हं. प्रोसेस आहे.”

काका त्यांच्या गाडीत बसले. पुढच्या सीटवर. मी बसने आले. त्या रात्री मला काकांचीही किळस आली, हे लिहायलाच हवं. “कसे बसलात तुम्ही त्या माणसाशेजारी?” मी विचारलं.

“तो म्हणाला, चला. नाही कसं म्हणायचं?”

काकू पलंगावरून म्हणाल्या, “जिभेने. मला अर्धी आहे तरी येतं.”

योम किप्पूर झाला. दिवसभर उपाशी राहून काका सिनेगॉगमधून परत आले ते एकदम म्हातारे दिसत होते. सूप पुढे होतं, ते चमचा बुडवून बसून राहिले. मग म्हणाले, “तुझा तो मित्र, अर्जुन. त्याच्याकडे ड्रिल आहे ना?”

“आहे. का?”

“रविवारी मोकळा आहे का विचार.”

“काका, परवानगी नाही.”

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मीच अर्ज केला होता.”

काकूंनी डाव्या हाताने ब्रेडची बशी काकांकडे सरकवली.

रविवारी सकाळी आम्ही सुरुवात केली. अर्जुन माझ्याच ऑफिसातला, आडदांड आणि उत्साही. पाया खणायला वेळ नव्हता, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर खांब उभे केले. आडव्या तुळया मी गरजेपेक्षा जवळ जवळ घेतल्या. चिडले की मी जास्तीचं लाकूड घालते. काका फळ्या हातात देत होते आणि दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होते, पोलीस येतील अशा चेहऱ्याने. दुपारनंतर जयंतरावांच्या वरच्या खिडकीत पडदा सरकला आणि फोन दिसला. फोटो काढत होते. लपण्याचीही तसदी नाही.

काकू दारात बसून देखरेख करत होत्या. त्यांनी मान वर केली.

“जयंतराव!” जितकं मोठ्याने ओरडता येईल तितकं त्या ओरडल्या. “तिकडून काय काढताय? खाली या, जवळून चांगला येईल. माझी डावी बाजू घ्या!”

फोन आत गेला. अर्जुन इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रू फळ्यांच्या फटीत पडला.

संध्याकाळपर्यंत डेक झाला. सोमवारी दुपारी काकांनी त्यावर मांडव घातला, कोपऱ्यावरच्या पोलिश बाईने तिच्या झाडाच्या फांद्या कापून दिल्या. आणि दिवस मावळताना काकांनी काकूंची खुर्ची ढकलली. उंबऱ्यावर चाकांना एक हिसका बसला आणि त्या बाहेर होत्या. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ. फांद्यांमधून आकाशाचा तुकडा, त्यातून एक विमान गेलं.

“छप्पर जरा विरळ केलंय तुम्ही,” त्या काकांना म्हणाल्या. “पाऊस आला तर रस्सा पातळ होईल.”

नारळाच्या दुधातलं मटण, भात आणि खीरही नारळाच्याच दुधाची. काकूंनी दोनदा मागून घेतलं. कालवण हनुवटीवरून ओघळत होतं, पदरावर पडत होतं, आणि यंदा काकांनी कोणाला बोलावलं नव्हतं, आम्ही तिघंच होतो, त्यामुळे त्यांनी ते पुसलंही नाही. काका बघत होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा पोटभर जेवतील असं वाटलं.

तेवढ्यात बाजूचं फाटक वाजलं.

जयंतराव. हातात बर्फीचा डबा. “हॅपी सुक्कोथ! अरे वा, मस्तच झालंय की!” पायऱ्या चढून त्यांनी डेकवर पाय आपटून पाहिला. “सॉलिड आहे. इंजिनीअर घरात असल्याचा फायदा.” खुर्ची ओढून बसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका उठले, ताट आणलं, वाढलं. मी माझं ताट बाजूला सरकवलं.

जयंतराव जेवायला लागले. हाडातली मज्जा ओढता ओढता म्हणाले, “बरं गिडियनभाऊ, फोटो मी पाठवलेत हं कौन्सिलला. कालच. उगाच नंतर तुम्हाला वाटायला नको की मी मागून काही केलं. सगळं रीतसर असलेलं बरं. अजून थोडा रस्सा?”

रश्श्याचं भांडं काकांच्या हातात होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

“जयंतराव, मी त्या रविवारी तुमच्या दारात आलो होतो.”

“हो, हो. हलवा काय झाला होता!”

“तेव्हा मी माफी मागितली.”

“अहो, त्याचं काय एवढं?”

“ती मी परत घेतो.”

जयंतरावांचं चावणं थांबलं. “परत घेतो म्हणजे?”

“वर्षभरात माझ्यामुळे तुम्हाला जो काही त्रास झाला असेल,” काकांचा आवाज थरथरत होता, पण शब्द स्वच्छ होते, “तो झालेला बरा झाला. आणि आता तुम्ही घरी जा. माझी बायको जेवतेय.”

जयंतराव हसण्याच्या बेतात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. कोणीच हसलं नाही. त्यांनी ताटातला शेवटचा बटाटा तोंडात टाकला, नॅपकिनला हात पुसले आणि निघाले. जाताना बर्फीचा डबा आठवणीने उचलून नेला.

फाटक लागल्यावर काकूंनी तोंडावरचा पदर काढला. “खीर राहिलीय,” त्या म्हणाल्या. काकांनी त्यांना वाढली. स्वतः मात्र घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “असं परत घेता येतं का, कोणाला तरी विचारायला हवं.” पण त्यांनी कोणाला विचारलं नाही. सणाचे उरलेले दिवस काकू दुपारी आणि रात्री मांडवातच जेवल्या. दोनदा पाऊस आला आणि रस्सा खरोखरच पातळ झाला.

सण संपायच्या आत कौन्सिलचा ईमेल आला. बिनपरवाना बांधकाम आढळलं आहे, कधी, कोणी आणि कशासाठी बांधलं ते कळवा, बांधकाम काढण्याचा आदेश निघू शकतो. मी उत्तराचा मसुदा तयार केला होता. नियम, अपंगत्वाचा कायदा, दिलगिरी, सगळं होतं त्यात. काकांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. मग स्वतः एका बोटाने टाइप करत बसले. बांधल्याची तारीख खरी लिहिली. कोणी बांधलं यापुढे स्वतःचं नाव लिहिलं, आमचं नाही. खाली धन्यवाद नाही, तसदीबद्दल क्षमस्व नाही.

“कशासाठी ते राहिलं,” मी म्हटलं.

“ते विचारायला त्यांना इथे येऊ दे,” काका म्हणाले. “अदीनासमोर उभं राहून विचारू दे.”

त्यांनी ईमेल पाठवला, स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि काकूंच्या खुर्चीचा ब्रेक सोडला.